चमचा पडू दे

एडिसन, न्यू जर्सी

चि. ओंकार यास,


मे महिन्यात मित्राच्या बोटीतून रॅरिटन बेमध्ये स्ट्रायपर (स्ट्राइप्ड बास मासा) धरायला जाणार आहेस, असं ताईकडून कळलं. फोनवर तू अर्धंच ऐकतोस, म्हणून लिहितोय.

अलिबागच्या जिताड्याचे हिशेब इथे लावू नकोस. जिताडा गोड्या पाण्यात वाढला तरी अंडी घालायला खाऱ्याकडे उतरतो. स्ट्रायपरचं उलटं: वाढतो समुद्रात आणि वसंतात अंडी घालायला हडसन, डेलावेअर, चेसापीकच्या नद्या चढतो. परतताना उपाशी असतो आणि बंकरच्या थव्यांमागे लागतो.

बंकर म्हणजे चपटा, तेलकट मासा. त्याच्या मापाचा आठ-नऊ इंची, रुंद, पातळ फ्लटर स्पून, म्हणजे चमच्यासारखं पत्र्याचं आमिष, घे. दुकानात दहा रंग दाखवतील, त्यात अडकू नकोस, चंदेरी पुरे. मात्र किनाऱ्यालगत स्ट्रायपर सँड ईल नावाचे सडपातळ मासे खात असतील तर हा पत्रा निरुपयोगी. तिथे अरुंद, वजनदार स्पून लांब फेकायचा आणि सावकाश ओढायचा.

आता मुख्य गोष्ट. बोटीच्या सोनार यंत्रावर बंकरचा ढग दिसला की त्यात नाही, त्याच्या खाली बघ. मोठा स्ट्रायपर तिथे वरून जखमी होऊन पडणाऱ्या माशाची वाट बघत असतो. तळाला टेकेपर्यंत स्पून सोड, ढील गुंडाळून घे, रॉड झटक्यात वर उचल आणि मग टोक हळूहळू खाली आण. नवखे उचलण्यावरच जोर देतात; खरं काम पडण्यात आहे. पिंपळाच्या पानासारखा डोलत, चमकत तो खाली गेला पाहिजे. दोरी ताणून धरलीस तर डोलणं थांबतं, अगदी सैल सोडलीस तर चावा कळत नाही. टोक दोरीच्या मागोमाग उतरव, एवढंच. तळाआधीच दोरी थबकली किंवा सैल पडली, तर मासा लागलाय असं समज आणि लगेच रीळ फिरव. ओहोटीची ओढ वाढली की जड स्पून लाव, नाहीतर दोरी तिरकी जाते आणि तळ सापडत नाही.

विणलेली (ब्रेडेड) दोरी, पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर आणि मध्ये चांगला स्विव्हल, म्हणजे फिरती कडी. त्याशिवाय स्पून दोरीला पीळ घालतो. तिहेरी गळ काढून एकेरी लाव. मासा सुटत नाही, उलट सोडायला सोपा जातो. आणि तुला बहुतेक मासे सोडायचेच आहेत. सध्याचा नियम असा: 28 इंच किंवा जास्त, पण 31च्या आत, माणशी दिवसाला एक. सर्वांत मोठ्या माद्या पाण्यात राहिल्या पाहिजेत, त्या सर्वांत जास्त अंडी देतात. सत्तरच्या दशकात बेसुमार मासेमारीने हा मासा एवढा घटला की 1984 साली अमेरिकन काँग्रेसला त्याच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. तो पुढे सावरला, पण 2019 पासून चेसापीकमध्ये पिल्लं पुन्हा कमी येताहेत. तेव्हा फोटोसाठी जबड्याला धरून लटकवू नकोस, पोटाखाली हात दे आणि पटकन सोड. हात ओले ठेव.

नियम बदलत असतात. निघायच्या आदल्या दिवशी राज्याच्या मत्स्य विभागाचे ताजे नियम पाहून घे आणि मोजपट्टी बरोबर ने.

तुझा,
मामा