घटक चाचणीतली कोरी जागा

दहावीतल्या एका मुलीने विज्ञानाच्या घटक चाचणीत उत्क्रांतीचा प्रश्न कोरा सोडला. येत नव्हतं म्हणून नाही, तिला सगळं पाठ होतं. रविवारी मिस्सा संपल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गात तिने हळूच विचारलं, "सर, ते लिहिलं असतं तर पाप लागलं असतं ना?"

मला काही बोलताच येईना.

परभणीत आम्ही कॅथलिक मोजकेच. या मुलांना रविवारी मीच शिकवतो. देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं, हा उत्पत्तीच्या पुस्तकातला पाठ तिला मीच शिकवला होता. दिवसवार चित्रं काढून घेतली, घोकून घेतलं. तो पाठ वाचायचा कसा, हे मात्र कधी सांगितलं नाही. अवघड प्रश्न आला की "ते शाळेत, हे इथे" म्हणून मोकळा व्हायचो. दोन वह्या, दोन सत्यं. त्या प्रश्नाचे मार्क तिचे नाही, खरं तर माझे गेले.

पुढच्या रविवारी मुलांना म्हटलं, बायबल उघडा, दोन्ही अध्याय वाचा. पहिल्या अध्यायात आधी झाडं, मग प्राणी, शेवटी माणूस. दुसऱ्यात माणूस आधी, बाग आणि प्राणी नंतर. सूर्य तर चौथ्या दिवशी! मग पहिले तीन दिवस मोजले कशावर? एक पोरगं म्हणालं, "सर, मग हे चुकलंय?" म्हटलं, चुकलं नाही रे. हे वेळापत्रक नाहीच. जग कोणाचं आणि आपण त्यात कोण, हे ते सांगतं. संत ऑगस्टीनला सोळाशे वर्षांपूर्वी हेच प्रश्न पडले होते. निसर्गाबद्दल चुकीचं बोलून ख्रिस्ती माणसाने धर्माचं हसं करू नये, असं तो बजावून गेला.

मग मी त्यांना भेंडीबद्दल विचारलं. "परभणी क्रांती" ही भेंडीची जात इथल्या घराघराला माहीत. पुसा सावनी या जातीचा एका रानटी जातभाईशी संकर करून हळद्या रोगाला दाद न देणारी ही जात आपल्याच कृषी विद्यापीठाने काढली. गुण आईबापाकडून पोराकडे कसे जातात, याचे नियम समजल्याशिवाय असं काम नीट होत नाही. ते नियम मांडले ग्रेगोर मेंडेलने. नववीच्या पुस्तकात त्याचे वाटाण्याचे प्रयोग आहेत. तो ब्रनो शहरातल्या मठात राहणारा कॅथलिक धर्मगुरू होता. 1856 ते 1863 अशी सात-आठ वर्षं मठाच्या बागेत वाटाणे मोजत बसला. पुढे त्याच मठाचा प्रमुख झाला. प्रार्थना आणि वाटाणे, दोन्ही एकाच आवारात.

दुसरं उदाहरण औंढा नागनाथचं. 1999 पर्यंत औंढा आपल्याच जिल्ह्यात होतं, आता हिंगोलीत आहे. तिथे ज्योतिर्लिंग आहे, आणि जवळच लायगो-इंडिया उभं राहतंय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायला. केंद्राने एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटींची मंजुरी दिली. ज्या आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून या लहरींचं भाकीत आलं, त्याच सिद्धांतावरून 1927 मध्ये जॉर्ज लमेत्र नावाच्या बेल्जियन फादरने मांडलं की विश्व प्रसरण पावतंय. महास्फोटाच्या कल्पनेचं मूळ त्याच्याच कामात आहे. पण 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धांताची सांगड थेट निर्मितीच्या श्रद्धेशी घातली, तेव्हा लमेत्रला ते रुचलं नाही. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो, त्यावर देवाला टेकवू नये, अशी त्याची भूमिका होती. मुलांना हे मुद्दाम सांगितलं. कारण "आमच्या ग्रंथात सगळं आधीच होतं" ही घाई सगळ्याच धर्मांत असते, आमच्यातही आहे.

आणि गॅलिलिओ? तोही सांगितला. 1633 मध्ये चर्चने त्याला दोषी ठरवलं. चर्चकडून चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 मध्ये जाहीरपणे मान्य केलं. मधे साडेतीनशे वर्षं गेली. मुलांपासून हे लपवलं तर उद्या त्यांना ते मोबाईलवर कळेल. मग ती गॅलिलिओवर विश्वास ठेवतील, आपल्यावर नाही. खरं सांगायचं तर ते योग्यच ठरेल.

हा प्रश्न आमच्या मूठभर घरांचाच नाही. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळल्यावर देशभरातल्या शास्त्रज्ञांनी विरोध केला. तो करायलाच हवा होता. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात तो धडा आहे. पण धडा पुस्तकात असूनही आपण घरात, देवळात, मशिदीत, चर्चमध्ये तो पोरांच्या मनातून वगळत असू, तर त्याला विरोध कोण करणार? आज कोरा राहतो तो एक प्रश्न. उद्या तेच मूल घरात कोणी तापाने फणफणलं की दवाखाना की नुसती प्रार्थना, अशा पेचात पडेल. आमच्याच बायबलमध्ये वैद्याचा मान राखा असं स्पष्ट सांगितलंय. प्रार्थना करा, पण रिक्षात बसवून दवाखान्यात नेता नेता करा.

त्या मुलीला मी म्हणालो, "बाळा, खरं लिहिल्याने पाप लागत नाही. माहीत असून कोरं सोडायला मी तुला शिकवलं, चूक माझी."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, मग सहामाहीला लिहू?"

लिही गं. पुरवणी घेऊन लिही.