२०० की १६७?

गेल्या शनिवारी मामाकडे जेवायला गेलो होतो. मामा म्हणजे उल्हासनगर कॅम्प १. बदलापूरहून निघायचं, कल्याणला लाईन बदलायची आणि पुढचंच स्टेशन शहाड. लहानपणी मे महिन्याची सुट्टी म्हणजे हेच घर, कारण टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम सगळ्या नातेवाइकांत फक्त मामाकडे होता. पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं, आणि आत सात-आठच गेम, नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट लागली नाही की फुंकर मारायची. (ह्यामागचं शास्त्र इंजिनिअरिंग करूनही मला कळलेलं नाही.)

ह्या वेळी ताटं वाढायच्या आधीच मामाने बाजूला घेतलं. "बारक्याने एक गाणं केलंय, ते ऐक आणि खरं खरं सांग. बारावीचं वर्ष आहे आणि हा म्हणतो मला साउंड इंजिनिअरिंग करायचंय. काही दम आहे का नुसतं ढिंच्याक?"

बारक्या म्हणजे मामेभाऊ, वय वर्षं सतरा. आणि मी आयटीत, म्हणजे कम्प्युटरवर जे जे होतं ते सगळं मला कळतं, असा मामाचा ठाम समज. एरवी हसून सोडून दिलं असतं, पण मामाचा चेहरा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी जे बोलेन त्यावर पोराचं काहीतरी ठरणार होतं.

बारक्याने हेडफोन दिले आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला. गाणं होतं सुपर मारिओ ब्रदर्सची सुरुवातीची धून. कोजी कोंडोची, १९८५ सालची. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती त्यांच्या नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत घेतली, व्हिडिओ गेमचं पहिलंच संगीत म्हणून. बारक्याने एफएल स्टुडिओवर तिचं तीन मिनिटांचं रिमिक्स केलं होतं. सुरुवातीला समुद्रासारखा घूं आवाज, मग धून, मग 'आता होणार, आता होणार' करत वाढत जाणारा तो ड्रम, आणि मग धडाम!

दोनदा ऐकलं. कागद मागितला आणि ऑफिसात ज्युनिअरचा कोड तपासतो तसे मुद्दे काढले.

पहिला मुद्दा किकचा. धडाम झाल्यावर दर ठोक्याला धप-धप-धप-धप. आता मारिओची धून गुणगुणून बघा आणि मांडीवर सरळ ठेका धरा. अर्धे सूर हाताच्या अलीकडे नाहीतर पलीकडे पडतात. गंमत त्यातच आहे, ती धून उड्या मारत जाते. ढोल-ताशात ढोल ठोका धरतो आणि ताशा मधल्या जागेत खेळतो, तसं. इथे ढोल एवढा मोठा झाला होता की ताशाला जागाच उरली नव्हती. हा मोह मोठमोठ्यांनाही होतो म्हणा. १९९२ मध्ये अँड्र्यू लॉइड वेबर आणि नायजेल राइट ह्या जोडीने 'डॉक्टर स्पिन' नावाने टेट्रिसचं असंच डान्स गाणं काढलं आणि ते इंग्लंडच्या यादीत सहाव्या नंबरापर्यंत गेलं. पण टेट्रिसची धून मुळात रशियन लोकगीताची, ठोक्यावर पाय टाकत चालणारी. तिला सरळ किक शोभते. मारिओला नाही.

दुसरा मुद्दा, थर. बारक्याच्या प्रोजेक्टमध्ये चौतीस ट्रॅक होते. मूळ चिपमध्ये आवाज किती? पाच. दोन पल्स, एक ट्रँगल, एक खरखर आणि एक रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवायला, आणि तो पाचवा मारिओने वापरलेलाच नाही. म्हणजे सूर फक्त तीन, त्यातला एक बेसला, आणि तालाला खरखर. एवढ्यात सगळं बसवायचं म्हणून प्रत्येक सुराला काम आहे. चौतीसमधल्या वीस ट्रॅकना काय काम होतं ते बारक्यालाही सांगता आलं नाही.

तिसरा मुद्दा, नाण्याचा 'टिंग'. दर ओळीच्या शेवटी टिंग, म्हणजे मिसळीवर वरून अजून शेव. मूळ गेममध्ये काय होतं माहितीये? मारिओने उडी मारली की उडीचा आवाज संगीताचाच एक सूर तेवढ्यापुरता हिसकावून घेतो, कारण जास्तीचा आवाजच नाही. खेळणाऱ्याच्या बोटांनी गाणं क्षणभर विरळ होतं. "हे कर की," म्हटलं, "टिंग टाकू नकोस, सूर काढून घे."

हे सगळं त्याने मान डोलावत वहीत लिहून घेतलं.

चौथा मुद्दा मी सगळ्यात आत्मविश्वासाने मांडला. "आणि फार पळवलंयस रे. ओरिजिनल एवढं फास्ट नाही."

"दादा, स्पीड ओरिजिनलच आहे. मिनिटाला दोनशे."

"अरे, तू जन्मायच्या आधीपासून मी ऐकतोय ते. ह्याच घरात!"

तो काही बोलला नाही. लॅपटॉपवर मूळ गेमचं संगीत लावलं, शेजारी त्याची फाईल. ठोक्याला ठोका जुळत होता. च्यायला.

परतीच्या लोकलमध्ये हिशोब मांडला तेव्हा ट्यूब पेटली. ह्या गेमचं संगीत टीव्हीवरच्या चित्रांवर मोजलं जातं आणि मारिओच्या धुनेत एक ठोका म्हणजे १८ चित्रं. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवायचे, म्हणजे ठोका ०.३ सेकंदाचा, मिनिटाला २००. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५०. मामाचा तो डबा पाल टीव्हीसाठीच बनवलेली नक्कल. तिथे ठोका ०.३६ सेकंदाचा, मिनिटाला जेमतेम १६७. सुराची उंची चिपच्या घड्याळावर ठरते, ती जवळजवळ तशीच राहते. म्हणून कधी शंकाच आली नाही. अख्खं बालपण मारिओ माझ्यासाठी जरा रमतगमत धावला आणि मी त्यालाच ओरिजिनल समजत होतो.

'मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जोक कॉलेजात किती वेळा ऐकलाय आणि दर वेळी मामाच्या गावाची बाजू घेऊन भांडलोय. आणि मीच एका नकलेच्या जोरावर अस्सल गोष्टीला चूक ठरवत होतो. पहिले तीन मुद्दे बारक्याच्या गाण्याबद्दल होते. चौथा माझ्या मे महिन्याच्या सुट्टीबद्दल होता, पण मांडताना चारही एकाच आवाजात मांडले. त्याने मोजलं नसतं तर? दादा म्हणतोय म्हणून गप्प स्पीड कमी केला असता, आणि बरोबर गोष्ट चूक होऊन बसली असती.

निघण्यापूर्वी मामाने दारात विचारलंच, "काय मग?"

"मामा, गाणं अजून कच्चं आहे. पण पोराला कान आहे, आणि मी चूक काढली तर चिडला नाही, मोजून दाखवलं. पुढे त्यात पोट भरेल का, ते मला नाही सांगता येणार. बारावी होऊ दे. लॅपटॉप मात्र काढून घेऊ नकोस."

मामा "हं" म्हणाला. मामाच्या "हं" चा अर्थ मला आजवर लागलेला नाही.

रविवारी सकाळी बारक्याला तो चित्रांचा हिशोब पाठवून चूक कबूल केली. रात्री नवी फाईल आली. ट्रॅक बारा, टिंग गायब, किक निम्मी. आणि मधे आठ मात्रा गाणं अचानक संथ होतं. मोजून बघितलं, १६७. खाली मेसेज : "दादा, ही तुमची मे महिन्याची सुट्टी."

दोन मिनिटं काही सुचलं नाही.

असो. पण त्या संथ भागातून परत २०० वर येताना गाणं खड्ड्यातून रिक्षा जावी तसं आदळतंय. ते काही बरोबर नाही. कागद घेऊन बसलोय, आणि ह्या वेळी आधी मोजणार आहे.