दाढेचा दावा

जत्रेला दोन दिवस असता रात्री माझी दाढ ठणकू लागली. यंदा पालखीची सेवा आमच्या घराकडे. ती चुकविणे मनास पटेना. मुलाच्या घशासाठी आणलेल्या ॲमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल कपाटात उरल्या होत्या. दुसऱ्या रात्रीपर्यंत मी त्या संपविल्या. हे औषध १९४५ च्या औषध नियमांतील ‘एच’ परिशिष्टात मोडते, चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही, हे मी वकील जाणत होतो. परंतु घरच्या कपाटाला कायदा कोण लावणार!

ठणका तसाच. दंतवैद्य म्हणाले, “वकीलबाब, दाढेचा मगज मेला आहे. तेथे रक्तच पोचत नाही, तर औषध कोणत्या वाटेने जाणार? दाढ उघडून साफ करावी लागेल. ताप असता, सूज गळ्याकडे पसरली असती, तर कॅप्सूल मीच दिल्या असत्या.”

अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देण्यास शिकतात, असे फ्लेमिंगने १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात बजावले होते. माझ्या चार कॅप्सूल म्हणजे तीच शिकवणी. घरात वृद्ध मातोश्री आहेत. उद्या त्यांच्या छातीत कफ दाटला आणि याच औषधाने हात टेकले तर?

दुपारी दाढ उघडली. सायंकाळी पालखीला खांदा दिला तेव्हा ठणका शमला होता. ओठ मात्र अजून बधिर, त्यामुळे आरतीचे शब्द वाकडे उमटत होते.