बिट्टू आणि अम्मीचा मुसल्ला

फजरची वेळ. अम्मी मुसल्ल्यावर उभी राहिली आणि लगेच बाजूला झाली. पायाला ओल लागली होती. आमच्या चार महिन्यांच्या बोक्याने, बिट्टूने, आठवड्यात तिसऱ्यांदा मुसल्ल्यावर मुतून ठेवलं होतं. अम्मीने पाय धुतले, स्वच्छ चादर अंथरून नमाज अदा केली आणि सलाम फेरल्यावर म्हणाली, "इसकू बाहर छोड को आ."

मी घाईघाईने हजरत अबू कतादांची गोष्ट काढली. त्यांच्या वजूच्या पाण्यापाशी मांजर आलं, तेव्हा त्याला पिता यावं म्हणून त्यांनी भांडं तिरकं केलं. सून चकित झाली, तर त्यांनी तिला समजावलं की पैगंबरांनी मांजराला नापाक म्हटलेलं नाही. अम्मीला ही हदीस माझ्या आधीपासून पाठ. ती शांतपणे म्हणाली, "बिल्ली पाक है, उसका मूत नै."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ दिवसांची मुदत तेवढी मागून घेतली.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी बिट्टूला तपासलं. बोका सारखा मुतायला बसतो आणि थेंबही येत नाही, असं झालं तर लघवी अडकलेली असू शकते; जिवाला धोका असतो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. बिट्टू ठणठणीत निघाला. मग त्यांनी विचारलं, "ट्रे कुठे ठेवलाय?"

ट्रे मोरीत, वॉशिंग मशीनला लागून होता. मशीन घरघरली की बिट्टू पळायचा. वाळू गुलाबाच्या वासाची, कारण आम्हाला घाण येऊ नये! सफाई दोन दिवसांतून एकदा. वर फरशी फिनाईलने पुसत होतो, जे मांजरासाठी विष. अशा संडासात आपण तरी गेलो असतो का?

उकरणं आणि करून झाकणं मांजराला उपजत येतं. शिकायचं होतं ते आम्हाला. ट्रे गॅलरीच्या शांत कोपऱ्यात नेला. दुसरा आतल्या खोलीत ठेवला, कारण मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त असावा म्हणतात. बिनवासाची बारीक वाळू आणली. सकाळ-संध्याकाळ गोळे काढू लागलो. खाऊन झालं, झोपेतून उठला, की बिट्टूला ट्रेमध्ये नेऊन ठेवायचं. चुकला तरी ओरडायचं नाही. मुसल्ल्याची जागा एन्झाइमवाल्या द्रावणाने पुसली, म्हणजे जुना वास त्याला पुन्हा तिथे बोलावणार नाही. आणि नमाज झाली की मुसल्ला घडी करून कपाटात.

ही मातीची वाळू १९४७ साली अमेरिकेत एड लो नावाच्या माणसामुळे चलनात आली. शेजारणीने मांजरासाठी वाळू मागितली, त्याने तेल शोषणारी माती दिली. ती माती म्हणजे आपली मुलतानी मातीच. हे ऐकून अम्मी पहिल्यांदा हसली.

मुदत संपली तेव्हा मुसल्ला कोरडा होता, बिट्टू घरात होता. मी हदीस सांगून मोकळा होऊ पाहत होतो. पण मांजराला घरात वावरू द्यायचं, तर घर पाक ठेवण्याची मेहनत त्याच्याकडून कशी मागणार? ती माझीच होती.

आता फजरनंतर तस्बीह फिरवता फिरवता अम्मी विचारते, "उसका ट्रे साफ किया क्या?"