पंजा हीच तसबीर

इस्लामी कलेत धर्मपुरुषांची चित्रे नाहीत, हे विधान आपल्याकडे हिंदू आणि मुसलमान दोघेही सारख्याच खात्रीने करतात. मशिदीपुरते ते खरे आहे, ग्रंथांपुरते नाही. रशीदुद्दीनच्या 'जामी-उत-तवारीख'ची चौदाव्या शतकाच्या आरंभी तब्रीझमध्ये तयार झालेली प्रत आज एडिंबरा विद्यापीठात आहे. तिच्यात पैगंबरांचा चेहरा उघडा रंगवला आहे. १४३६ च्या सुमाराच्या हेरातच्या मेराजनाम्यातही, म्हणजे पैगंबरांच्या स्वर्गयात्रेच्या ग्रंथातही, तो उघडाच, भोवती सोनेरी ज्वाळा तेवढ्या वाढल्या. पुढे १५३९ ते १५४३ मध्ये शाह तहमास्पसाठी निजामीचा 'खम्सा' रंगवला गेला, त्यात बुराक या स्वर्गीय वाहनावर बसून निघालेल्या पैगंबरांच्या तोंडावर पांढरा पडदा आला. ऑटोमन सुलतान तिसऱ्या मुरादच्या 'सियर-ए-नबी'त, म्हणजे १५९५ च्या आसपास, तो रूढच झालेला दिसतो. चेहरा झाकायला जवळपास तीन शतके लागली. कुराणाचा रोख मूर्तिपूजेवर आहे. चित्रकारांविरुद्धची कडक वचने हदीसमध्ये येतात, आणि त्यांच्या अर्थाबद्दल धर्मपंडितांचे कधीच एकमत नव्हते. कलावंताने चेहरा सोडला, व्यक्तीला समोर उभे करणे मात्र सोडले नाही, असे माझे म्हणणे आहे. त्याचा ठसठशीत पुरावा शोधायला इराणला जायची गरज नाही. धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या पट्ट्यात मोहरमला बसणारे पीर, म्हणजे काठीवरचे पितळी पंजे, पाहावेत.

या पिरांचे मूळ घराणे हैदराबादचे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि त्याआधी गोवळकोंड्याच्या शिया कुतुबशाहीचा शेजार. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९० च्या दशकात हैदराबादेत बादशाही आशुरखाना उभारला. त्याच्या भिंतींवर १६११ च्या सुमारास रंगीत फरशांचे जे काम झाले, त्यात माणूस एकही नाही. मनुष्याच्या जागी मोठाले अलम, म्हणजे मोहरमची निशाणे, आहेत. गावातला पंजा त्याच वळणाचा असतो. काठीच्या टोकाला पितळेचा पत्रा, कधी हाताच्या आकाराचा, कधी थेंबासारखा निमुळता. जुन्या दख्खनी अलमांना दोन्ही अंगांना व्याळासारखी मुंडकी आणि मधल्या जाळीत कोरलेली नावे. बोटे पाच, म्हणजे मुहम्मद, अली, फातिमा, हसन आणि हुसेन. मिरवणुकीत निघालेली ही सवारी कासिमची, ही हुसेनची, ही नालसाहेबांची, असे बघणारा ओळखतो. एक दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येणे, हेच तर तसबिरीचे काम.

यावर आक्षेप येईल की ही चिन्हे झाली, तसबिरी नव्हेत. पण निव्वळ चिन्हाला कोणी कापड चढवत नाही, सेहरा बांधत नाही, नवस बोलत नाही की दहाव्या दिवशी निरोप देत नाही. माहूरच्या दत्ताच्या पादुकांपुढे माथा टेकणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: हा शियांचा किंवा खेडवळ रिवाज, खऱ्या इस्लामशी त्याचा संबंध नाही. अनेक उलेमांनी सवाऱ्यांना विरोध केला आहे, आजही करतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण काय करावे हे धर्मशास्त्र सांगते. काय केले गेले हे कलेतिहासाला नोंदवावे लागते. एकही शिया घर नसलेल्या गावांतून सवारी निघते, ती उचलायला हिंदूही खांदा देतात. राजाने ज्यावर खजिना ओतला ती परंपरा खेडवळ ठरवायची, तर मग दरबारी काय उरते? (बाईचा चेहरा आणि मोराचा पिसारा असलेला बुराक छापील तसबिरींतून घराघरांत, ट्रकांवर पोहोचला, त्याचा हिशेब तर आक्षेप घेणारे करतच नाहीत.)

जुना पंजा झिजला की मोडीत देऊन नवा घेणे सोपे असते. या भागातल्या गावकऱ्यांना आणि मुजावरांना विनंती एवढीच, की तो कासाराच्या तराजूत पडण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, जाळीतली अक्षरे जाणकाराकडून वाचून घ्या आणि पंजा कोणाच्या नावाचा, कोणत्या घराने सांभाळला, हे वहीत लिहून ठेवा.