'लैला' : एका नावाआडचे दुःख

प्रेमभंगाची गाणी बहुधा ज्याचे हृदय मोडले त्याचीच बाजू मांडतात. ज्या व्यक्तीमुळे ते मोडले, ती गाण्यात असते केवळ संबोधनापुरती. एरिक क्लॅप्टनचे 'लैला' आम्हांला अतिशय प्रिय असूनही अस्वस्थ करीत आले आहे, ते याच कारणाने.

१९७० साली क्लॅप्टन पॅटी बॉइडच्या प्रेमात आकंठ बुडालेला होता. पॅटी ही त्याचा जिवलग मित्र, 'बीटल्स'मधील जॉर्ज हॅरिसन याची पत्नी. त्याच सुमारास निजामी गंजवी या बाराव्या शतकातील फारसी कवीचे 'लैला-मजनू' हे काव्य अनुवादरूपाने त्याच्या वाचनात आले आणि पॅटीची 'लैला' झाली. मायामीत हे गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्या बँडचे नावही 'डेरेक अँड द डॉमिनोज' असे होते. म्हणजे गाणाऱ्यानेही स्वतःचे नाव झाकलेच होते. मात्र पॅटीला या आडोशाचा उपयोग झाला नाही. गाणे प्रथम ऐकताना, हे आपल्याविषयी आहे हे आता सर्वांना कळेल, या विचाराने ती धास्तावली, असे तिच्या २००७ मधील आत्मकथनावरून दिसते.

आपल्याकडे 'मजनू' हा शब्द टवाळीपुरता उरला आहे. निजामीचा मजनू मूळचा कैस. प्रेमाने झपाटला म्हणून लोक त्याला 'मजनून', म्हणजे वेडा, म्हणू लागले. तो वाळवंटात हिंडतो, श्वापदांच्या संगतीत राहतो, काव्य रचतो. परंतु निजामी लैलेलाही विसरत नाही. मजनूला आक्रोश करायला अवघे वाळवंट मोकळे आहे. तिला मात्र मनाविरुद्धच्या विवाहात, लोकलज्जेपायी, मुक्यानेच झुरावे लागते. क्लॅप्टनने काव्यातून लैलेचे नाव घेतले, तिचे हे दुःख मात्र घेतले नाही. त्याच्या गाण्यात विनवणी आहे, हट्ट आहे. तिला काय वाटत असेल, हा प्रश्न नाही.

आणि तरीही गाणे तेथे संपत नाही. क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांच्या गिटारींचा कल्लोळ ओसरतो, शब्द थांबतात आणि पियानोची एक संथ सुरावट सुरू होते. सात मिनिटांच्या गाण्याचा जवळजवळ अर्धा भाग असा निःशब्द आहे. या भागाचे श्रेय ड्रमवादक जिम गॉर्डनच्या नावे आहे. गायिका रीटा कूलिज हिने मात्र २०१६ मधील आत्मकथनात सांगितले, की ही सुरावट तिने आणि गॉर्डनने मिळून रचलेल्या गाण्यातली आहे; बँडमधील बॉबी व्हिटलॉक यानेही तिला दुजोरा दिला. म्हणजे लैलेला स्वर नसलेल्या या गाण्यात एका स्त्रीचा स्वर होता, पण तोही निनावी!

पुढे १९७९ मध्ये क्लॅप्टन आणि पॅटी यांचा विवाह झाला. १९८९ मध्ये घटस्फोट झाला. १९९२ च्या 'अनप्लग्ड'मध्ये क्लॅप्टनने हेच गाणे संथ, काहीशा थकल्या स्वरात गायिले. आमच्या पिढीतील अनेकांची 'लैला'शी पहिली ओळख याच रूपात झाली. त्यात आर्तता निवली आहे, समजूतदारपणा आला आहे. पण पियानोचा तो भाग गळला आहे. आम्हांला त्याचीच उणीव जाणवते. तक्रार संपल्यावर उरणारे, दोघांचेही असू शकणारे दुःख या गाण्यात कुठे असेल, तर ते तेथेच आहे.