अर्धवट राहिलेली नोंद

गेल्या आषाढातली गोष्ट. जव्हारचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आधी वीज जाते, मग मोबाइलची रेंज. अशाच एका दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात उभी राहिली. माझ्याकडे ती जेमतेम तिसरीत होती. आता पन्नाशीला आली, नवरा गेलाय. निराधार योजनेचे दीड हजार काढायला ती बँकेच्या सेवा केंद्रावर गेली, अंगठा लावला आणि नेमकी लाइट गेली. मशीन परत चालू झालं तेव्हा खात्यातून पैसे वजा झालेले, हातात मात्र दमडी नाही.

"त्या पोरानंच खाल्ले, गुरुजी."

मी छत्री घेऊन निघालो. केंद्र चालवणारा मुलगाही माझाच विद्यार्थी. दहा-बारा माणसांच्या रांगेसमोर त्याला वर्गात देत असे तशी समज दिली. तो बिचारा एकच सांगत राहिला, "गुरुजी, व्यवहार फेल गेलाय, पैसे परत येतील." मला पटलं नाही. पैसे काय पारवे आहेत, आपले आपण घरी यायला?

रात्री धाकट्याला फोन लावला. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. वेबसाइटच्या पडद्यामागे जी हिशेबाची बाजू असते, ती लिहिण्याचं त्याचं काम. माझी तक्रार ऐकून तो हसलाच. म्हणाला, "बाबा, आमचं अर्धं आयुष्य याच भानगडीत जातं."

मग त्यानं ट्रान्झॅक्शन म्हणजे काय ते समजावलं. एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा, या दोन नोंदी मिळून एकच काम. झालं तर पुरं, नाहीतर काहीच नाही. पुरं झालं की 'कमिट', मध्येच बिनसलं तर 'रोलबॅक', म्हणजे पाटी पुसून पूर्ववत. मी विचारलं, "अरे, पण वीज गेल्यावर पुसणार कोण?" तर म्हणे, खऱ्या वहीला हात लावण्याआधी काय करणार ते डेटाबेस एका वेगळ्या वहीत टिपून ठेवतो. वीज आली की आधी ती टिपणवही वाचायची. 'कमिट'चा शेरा असेल तर काम तडीस न्यायचं, नसेल तर रद्द करायचं. मला ही व्यवस्था फार आवडली.

नवी मुलं कुठे चुकतात तेही त्यानं सांगितलं. ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेरच्या कुणाला निरोप धाडतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. तोवर त्या नोंदींना कुलूप आणि मागे ही रांग! दुसरी चूक म्हणजे उत्तर आलं नाही म्हणून तीच मागणी पुन्हा धाडायची. पहिली पोचलेली असली तर पैसे दोनदा कापले जातात. म्हणून प्रत्येक मागणीला कायमचा एक क्रमांक द्यायचा आणि तोच पुन्हा आला तर नुसतं 'काम झालंय' म्हणून कळवायचं. "म्हणजे आमचा जावक क्रमांक की रे!" मी म्हटलं.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे नावाचा अमेरिकन होता. त्याला १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. २८ जानेवारी २००७ ला तो आईच्या अस्थी समुद्रात सोडायला सॅन फ्रान्सिस्कोहून शिडाच्या बोटीतून एकटाच निघाला तो परतलाच नाही. खूप शोध घेतला, बोटही सापडली नाही.

असो. खरी गोम पुढे होती. "हे सगळं एका डेटाबेसच्या आत, बाबा. दोन बँका आल्या की दोन वह्या. एकीनं वजा केलं आणि दुसरीचं उत्तर वाटेत हरवलं, तर दोघींना एकदम पूर्ववत करणारं कुणी नसतं. मग मागाहून ताळा घ्यायचा, लोंबकळलेल्या नोंदी शोधायच्या आणि उलट नोंद करायची." रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी मुदतीच घालून दिल्या. एटीएममधून पैसे न येता खात्यातून गेले, तर पाच दिवसांत परत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

दोन वह्या म्हटल्यावर मला झोप येईना.

१९८६ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी तेव्हा मोखाड्याकडच्या एका शाळेवर होतो. भातकापणी आटोपली की आमचे पाडेच्या पाडे ओस पडायचे. माणसं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जायची. हिचा बाप सांगायला आला, पोरीलाही नेतोय. मी शाळा सोडल्याचा दाखला लिहून दिला आणि जनरल रजिस्टरमध्ये तिचं नाव कमी केलं. खरं सांगायचं तर मला हजेरीच्या टक्केवारीची काळजी होती. पटावर नाव राहिलं असतं तर टक्केवारी घसरली असती, तपासणीला साहेबांची बोलणी खावी लागली असती. वजा केलं मी, जमा कुठेच झालं नाही. पावसाच्या तोंडावर ती माणसं परत आली. पोर शेरडांमागे फिरताना मला दिसायची. मी एकदोनदा हाक मारली, बापाला म्हणून भेटलो नाही. दाखला नसता तरी वयावरून तिला पुन्हा बसवून घेता आलं असतं.

आता स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक देतात. संगणकावर दुसऱ्या शाळेनं मागणी केल्यावर नाव तिकडे जातं, तोवर ते मध्येच कुठेतरी दिसत तरी राहतं. आमच्या रजिस्टरात एक लाल रेघ होती.

पाचव्या दिवशी तिचे दीड हजार खात्यात परत आले. मी केंद्रावर जाऊन त्या मुलाला "चुकलं माझं" म्हणालो. त्यानं खुर्ची पुढे केली. पण त्या दिवशीच्या रांगेतलं तिथे कुणीच नव्हतं.

ती घरी सांगायला आली तेव्हा मी धीर करून दाखल्याचं विचारलं.

"हाय ना माझ्याकडं," ती सहज म्हणाली. "बा बोलला, तो तिकडच्या शाळेचा कागद, इथं चालत नाय."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं तो आणला. रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, घड्यांवर विरलेला. अक्षर माझं, सही मुख्याध्यापकांची. शाळा सोडण्याचं कारण : पालकांचे स्थलांतर.

"काय लिवलंय ते वाचा ना, गुरुजी," ती म्हणाली.